शेपटीवही: इंग्रजी शब्द शेवटच्या अक्षरावरून कसे साठवावेत

मी बत्तीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवले. सांगलीतला लहानसा छापखाना, दोन ट्रेडल मशिनं, एक कटिंग मशीन आणि भिंतीला टेकून उभ्या केसेस, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असलं काम. इंग्रजी मला शाळेनं थोडं शिकवलं, बाकीचं बोटांनी शिकवलं.

कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, खिळे डावीकडून उजवीकडेच लावतो, पण अक्षराचं डोकं खाली करून. त्यामुळे लावलेली ओळ उलटी दिसते. शब्द वाचण्याआधी त्याचा आकार दिसतो, आणि त्यातही शेवटचा आकार डोळ्यांत जास्त बसतो, कारण तिथं हात थांबतो आणि स्पेसचा तुकडा उचलतो. पाच-सात वर्षांत माझ्या लक्षात आलं, की इंग्रजी शब्दांची डोकी हजार तऱ्हांची असली तरी शेपट्या मोजक्याच आहेत. शन, मेंट, नेस, शिप, लॉजी. एकदा बोटांना त्या पाठ झाल्या, की लांबलचक शब्दाची भीती अर्धी संपते.

आता छापखाना नाही. नात सहावीत आहे, मराठी शाळेत. तिला आम्ही माऊ म्हणतो. तिला इंग्रजी स्पेलिंगचा धाक बसलेला बघून गेल्या वर्षी मी तिच्यासोबत एक वही सुरू केली. शब्दकोशात शब्द पहिल्या अक्षरावरून लावतात, आम्ही शेवटच्या अक्षरावरून लावतो. तिनं नाव दिलं शेपटीवही. असं काही करणारे आपण पहिले नाही. १७७५ साली लंडनमध्ये जॉन वॉकर नावाच्या माणसानं सगळा कोशच शेवटच्या अक्षरावरून लावून छापला होता, यमक शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी. तुमच्या घरी कुणी पाचवी ते आठवीतलं असेल तर तुम्हीही वही करा. कशी करायची ते सांगतो.

दोनशे पानी फुलस्केप वही घ्या, पुठ्ठा बांधलेली. सव्वीस अक्षरांना पानं सारखी वाटू नका. इथं छापखान्यातली केस आठवावी. इंग्रजीच्या लोअर केसमध्ये, म्हणजे लहान लिपीच्या खिळ्यांच्या केसमध्ये, सगळ्यात मोठा खण ईचा असतो, कारण ई सगळ्यात जास्त लागते. जे, क्यू, झेडचे खण एवढेसे, बोटाच्या दोन पेरांएवढे. शब्दांच्या शेवटाचंही तसंच आहे. आम्ही केलेली वाटणी अशी: ईला सव्वीस पानं, एस, वाय आणि एनला चोवीस-चोवीस, टीला बावीस, आरला अठरा, एलला चौदा, डीला बारा, जीला आठ. एम, सी, एच, के यांना चार-चार. ए, ओ, पीला दोन-दोन. डब्ल्यू, एफ, एक्सला एकेक. बी आणि झेड एका पानावर, आय आणि यू एका पानावर, आणि जे, क्यू, व्ही तिघं मिळून एका पानावर. बरोबर दोनशे होतात. आयच्या बाबतीत माझा अंदाज चुकला. ते पान दिवाळीतच भरलं आणि पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवावा लागला.

एक नियम पहिल्याच दिवशी करा. नुसता एस लावून झालेलं अनेकवचन लिहायचं नाही आणि नुसता ईडी लावून झालेला भूतकाळही लिहायचा नाही. नाहीतर कॅट्स, डॉग्ज, वॉक्ड, टॉक्डनीच वही भरेल आणि हाती काही लागणार नाही.

आता लिहायची रीत. हिच्यात सगळी गंमत आहे. पानाच्या उजव्या कडेपासून दोन बोटं सोडून पेन्सिलीनं उभी रेघ मारा. शब्दाचं शेवटचं अक्षर त्या रेघेला टेकलं पाहिजे. म्हणजे शब्द उजवीकडून भरायचा, शेपटी आधी आणि डोकं नंतर. माऊला पहिल्यांदा फार अवघड गेलं. तिनं स्टेशन लिहायला घेतला, सवयीनं डावीकडून, आणि शेवटचा एन रेघेच्या पलीकडं गेला. मग मी तिला सांगितलं, आधी टी-आय-ओ-एन हे चार रेघेला लाव. लावले. आता त्याच्या डावीकडं ए, मग टी, मग एस. झालं स्टेशन. त्याच्याखाली पुन्हा टी-आय-ओ-एन, डावीकडं ए, मग एन. झालं नेशन. त्याच्याखाली एक्झॅमिनेशन. चौथ्या-पाचव्या ओळीला तीच ओरडली, "आजोबा, सगळ्यांची शेपटी एका रांगेत आली!" टी-आय-ओ-एन एकाखाली एक असं पान खाली उतरलं, की पोराला 'शन'चं स्पेलिंग वेगळं पाठ करावं लागत नाही. डोळ्यांना तो खांब दिसतो. छापखान्यात आम्ही बिलबुकातले आकडे असेच उजवीकडं सारून लावायचो.

डावीकडच्या मोकळ्या जागेत शब्दात किती अक्षरं आहेत तो आकडा गोलात लिहा. मुलांना मोठा आकडा मिळवायची ईर्षा लागते आणि त्यासाठी प्रत्येक अक्षर बोट ठेवून मोजावं लागतं, त्यात स्पेलिंग आपोआप पक्कं होतं. वायच्या पानावर आमच्याकडं आधी फोटोग्राफी होता, ११ अक्षरांचा. मग रिस्पॉन्सिबिलिटी आला, १४ चा. मग इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी, १९. सध्या सगळ्यात वर अनकॅरॅक्टरिस्टिकली आहे, २० अक्षरं. एनच्या पानावर इंटरनॅशनलायझेशनसुद्धा वीसचाच. हा शब्द कॉम्प्युटरवाल्यांना इतका लांब वाटला, की ते पहिलं आय, शेवटचं एन आणि मधल्या अठरा अक्षरांच्या जागी अठराचा आकडा लिहून मोकळे होतात. एफच्या पानावर हँडकर्चिफ, १२. खिशातल्या रुमालाला बारा अक्षरं लागतात याचं माऊला अजून नवल वाटतं.

मराठी घरातल्या माणसानं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपण भेंड्या खेळतो त्या कानानं. शेवटचं अक्षर जे ऐकू येतं तेच धरतो. इंग्रजीत ऐकू येणारं आणि लिहिलेलं यांचा मेळ बसेलच असं नाही, आणि शेपटीवहीत आपण लिहिलेलं धरतो. ओ-यू-जी-एच या एका शेपटीचेच प्रकार बघा. खोकल्याचा कॉफ, खरखरीत म्हणायचा रफ, आरपारचा थ्रू, 'जरी' म्हणायचा दो. उच्चारात कुठं फ, कुठं ऊ, कुठं ओ. पण चौघंही एचच्या पानावर, एकाच खांबात. आधी कानानं चार शब्द म्हणायचे आणि मग वहीत एका जागी बसलेले बघायचे, असं केलं की चारही लक्षात राहतात. दुसरं काही करून ते राहत नाहीत, हे मी माऊच्या आईच्या वेळी बघितलंय.

आता गरीब अक्षरांचं पान, म्हणजे जे, क्यू, व्ही. मला ते वहीतलं सगळ्यात आवडतं पान वाटतं, त्यामुळे इथं जरा थांबतो.

इंग्रजीला शब्दाच्या शेवटी जे चालत नाही. शेवटी ज ऐकू आला तर ते जी-ई लावतात, पेजसारखं, किंवा डी-जी-ई लावतात, ब्रिजसारखं. न्यायाधीशाचा जज बघा, सुरुवातीला जे आहे आणि शेवटी तोच आवाज असून डी-जी-ई. मग जेच्या खणात काय टाकायचं? आपले शब्द. राज. ताज, म्हणजे इंग्रजी कोशात दर्वेशांची, म्हणजे सूफी फकिरांची, उंच टोपी. हज. आणि सगळ्यात लांब, सहा अक्षरांचा, स्वराज. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी अध्यक्षपदावरून उच्चारलेला शब्द इंग्रजी कोशात जाऊन बसला आणि त्यांच्या भाषेतली रिकामी जागा त्यानं भरली. हे मी माऊला सांगितलं तेव्हा तिनं तो शब्द लाल शाईनं लिहिला.

व्हीची गोष्ट जुन्या लिखाणाशी जोडलेली आहे. पूर्वी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपं होती. शेवटी आलेलं हे अक्षर यू समजायचं की व्ही, ते कळावं म्हणून व्हीच्या मागं एक मुकी ई ठेवायची चाल पडली. हॅव, गिव्ह, लव्ह, फाइव्ह, सगळ्यांच्या मागं ती ई आहे. म्हणून हे सगळे ईच्या पानावर जातात आणि व्हीचं पान ओस पडतं. तिथं गाडीचं इंजिन रेझ करण्याचा रेव्ह आहे, आणि तोही रेव्होल्यूशनचा तुकडा. आय आणि जेसुद्धा पूर्वी एकच होते. क्यूला तर इराक देशाचं नाव सोडलं तर जवळजवळ काहीच नाही, आणि विशेषनाम आम्ही घेत नाही. तलाक मात्र क्यूचं स्पेलिंग घेऊन कोशात आहे, तो घेतला.

आयचं पान एवढ्या लवकर का भरलं तेही सांगतो. शेवटी ई ऐकू आला, की इंग्रजी माणूस वाय लिहितो, सिटी, हॅपी, बेबी. ज्याच्या शेवटी खरोखर आय आहे तो शब्द बहुतेक बाहेरगावचा पाहुणा. इटलीची स्पगेटी, जपानची त्सुनामी, नॉर्वेकडची स्की, आफ्रिकेतून आलेली सफारी, लॅटिनमधली अलिबाय, आपल्याकडून गेलेली खाकी. टॅक्सी पाहुणी नाही, ती लांब शब्दाची काटछाट आहे. यूचंही असंच. मेनू, ब्यूरो, प्लॅटो फ्रेंच, हायकू जपानी, गुरू आपला, फ्लू म्हणजे इन्फ्लूएन्झाचा मधला तुकडा. घरचे म्हणावेत असे 'तुम्ही' म्हणायचा यू आणि 'तू' म्हणायचा जुना दाऊ, एवढेच डोक्यात येतात. पाहुणा शब्द आला की त्याच्या पुढं गावाचं नाव लिहायला लावा. भूगोल होतो.

झेडच्या पानावर एक शब्द आवर्जून टाका. चिंट्झ, म्हणजे फुलाफुलांचं सुती कापड. आपल्या आज्ज्या चिटाचं कापड म्हणायच्या ना, तेच. हिंदीतल्या छींटचं इंग्रजांनी एस लावून अनेकवचन केलं, पुढं ते एकवचनच समजलं गेलं आणि एसच्या जागी झेड आला.

लांब शब्द शेपटीकडून सोडवायचा, हा या वहीचा मुख्य उपयोग. कोशात सापडणारा ४५ अक्षरांचा एक शब्द आहे. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो १९३५ साली मुद्दाम घडवला: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. पुढून वाचायला गेलात तर तिसऱ्या तुकड्यात दम लागेल. मागून या. ओसिस म्हणजे आजार. त्याच्या आधी कोनि, ग्रीकमध्ये धूळ. म्हणजे धुळीचा आजार. कसली धूळ? व्होल्कॅनो, ज्वालामुखीची. त्यात काय? सिलिको, सिलिका. केवढी? अल्ट्रामायक्रोस्कोपिक, अतिसूक्ष्म. कुठं झाला? न्यूमोनो, फुप्फुसात. चार प्रश्न विचारले आणि शब्द सुटला. हा शब्द शोभेचाच आहे, पण खडी क्रशरवर राबणाऱ्यांना होणारा सिलिकोसिस हा खरा आजार त्याच शेपटीचा. ट्यूबरक्युलोसिस, थ्रॉम्बोसिस त्याच्याच शेजारी लिहा. आणि डायग्नोसिस लिहाल तेव्हा बाजूला खूण करा, कारण त्यातला ग्नोसिस म्हणजे ज्ञान, तो या घरातला नाही. पी-च्या पानावरच्या शिपचंही तसंच बजावून ठेवा. फ्रेंडशिप, चॅम्पियनशिप, अप्रेंटिसशिपमधल्या शिपचा जहाजाशी काही संबंध नाही. मुलं तसा अर्थ लावतात.

नुसतं शेवटचं एक अक्षर पुरत नाही, हे मला माझ्या चुकीनं शिकवलं. कामाला लागून दोन वर्षं झाली असतील. एका वह्या-कागदांच्या दुकानाची बिलबुकं आली होती. वर ठळक टाइपात स्टेशनरी लावायचं. मी ए-आर-वायनं संपणारं लावलं. प्रूफ मीच वाचलं आणि मालकांनी विश्वासानं सही केली. बिलबुकं छापून, नंबर मारून, शिवून गेली. आठवड्यानं दुकानदार आले, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं दाखवलं होतं. ए-आर-वायवाला शब्द म्हणजे जागचं न हलणारं. कागद-लेखणीवाला ई-आर-वायनं संपतो. सगळी बुकं फिरून छापावी लागली आणि कागदाचे पैसे माझ्या पगारातून तीन महिने कापले गेले. ते कापणं रास्तच होतं. तेव्हापासून मी शेवटची तीन अक्षरं धरतो. लिफाफ्याला इंग्रजीत एन्व्हलप म्हणतात आणि तो ईनं सुरू होतो, म्हणून लिफाफे विकणाऱ्याच्या पाटीवर ई. वहीत वायच्या पानांवर ए-आर-वाय आणि ई-आर-वाय यांचे दोन वेगळे खांब करा. ईच्या पानांवर ए-बी-एल-ई आणि आय-बी-एल-ई यांचेही करा. खांब वेगळे ठेवले तर घोटाळा होत नाही.

पानं थोडी भरली की भेंड्या लावा. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्यानं शब्द सांगायचा. मराठीत आपण समोरच्यावर ण किंवा ळ टाकतो, कारण या अक्षरांनी शब्द संपतात ढिगानं आणि सुरू जवळपास होतच नाहीत. म्हणून तर णला न आणि ळला ल घ्यायची सूट द्यावी लागते. इंग्रजीतलं तसं अक्षर वाय. वायनं संपणारे शब्द चोवीस पानं भरतील एवढे, आणि वायनं सुरू होणारे यलो, यार्ड, यॉट, यार्न, यीस्ट, यूथ करता करता आटतात. युनिव्हर्सिटी, जनरॉसिटी, फोटोग्राफी असे एकामागून एक देत राहायचं. समोरचा हुशार असला तर यस्टर्डे देईल किंवा यर्ली देईल, दोन्ही वायनं सुरू आणि वायनंच संपणारे, म्हणजे वाय तुमच्याकडं परत. एक्सला हेच काम झेरॉक्स करतो. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाला अशा दोन्हीकडून सारख्या शब्दांसाठी चार ओळी राखून ठेवा. भेंड्यांत वही बघायची नाही, पण हरलेल्यानं नंतर त्याच अक्षराचे पाच नवे शब्द वहीत भरायचे, अशी आमच्याकडं शिक्षा आहे.

शेवटचा खेळ वाक्यांचा, आणि तो वही निम्मी भरल्याशिवाय सुरू करू नका. वाक्यातला प्रत्येक शब्द एकाच अक्षरानं संपला पाहिजे. सोप्यापासून सुरुवात म्हणून डे बाय डे घ्या, रोज तोंडात असलेला वाक्प्रचार, तिन्ही शब्द वायचे. मग मोठं करा: माय बेबी बॉय मे क्राय एनी डे. देवनागरीत लिहिलेलं बघून कुणी म्हणणार नाही की सातही शब्दांची शेपटी एक आहे, उच्चारात आय, ई, ऑय, ए सगळं आलंय. मुलाला हे वाक्य ऐकवायचं आणि इंग्रजीत लिहून रेघेला टेकवायला सांगायचं. ईचं: प्लीज टेक द लार्ज ब्ल्यू प्लेट. एनचं: सेव्हन मेन कॅन रन इन रेन. डीचं: ओल्ड डॅड हॅड बेक्ड गुड ब्रेड, आणि इथं बेक्डला परवानगी, वाक्यात भूतकाळ चालतो. ई, डी, टी, एन, वायची वाक्यं पटकन जमतात, कारण ईला द आहे, डीला अँड आणि हॅड आहेत, टीला इट आणि दॅट आहेत, एनला इन आणि कॅन. जोडायला असे लहान शब्द ज्या अक्षराकडं नाहीत, तिथं घाम फुटतो. एक्सवर मी अजून अडलेलोय.

केचं वाक्य होणारच नाही असं मी माऊला गेल्या रविवारी म्हणालो. ती केची चार पानं घेऊन ओसरीवर बसली. दूधवाला येऊन गेला, वर दुधाची साय निघाली, तरी ती तिथंच. मग आत येऊन वही माझ्यापुढं ठेवली. पेन्सिलीच्या रेघेला टेकून, एकाखाली एक, पाच के उभे होते: ब्लॅक डक ड्रँक थिक मिल्क.